१९५७च्या टॉप्स सेटमधल्या १३९ रिकाम्या जागा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना शेजारच्या अमेरिकन आजोबांनी वृद्धाश्रमात जाताना बुटांचं एक खोकं दिलं. आत बेसबॉल कार्डं (बबलगमच्या पाकिटात मिळणारी खेळाडूंची चित्रं), सगळी १९५७ सालची, टॉप्स कंपनीची. डबल वगळून २६८ निघाली. पूर्ण सेट ४०७चा. आता उरलेली १३९ कशी मिळवायची, खर्च किती येईल, ग्रेड केलेली (म्हणजे तपासून दर्जाचा आकडा दिलेली) घ्यावीत की सुटी, आणि काही कार्डांच्या मागे आजोबांनी लहानपणी पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलंय ते खोडावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही खोडरबर हातात घ्याल अशी भीती वाटते. खोडू नका. पेन्सिलीच्या खुणेने कार्डाची किंमत उतरते हे खरं, पण पुठ्ठ्यावर खोडरबर फिरवला की वरचा थर खरवडला जातो आणि तिरक्या उजेडात तो डाग लख्ख दिसतो. मग ते ‘लिहिलेलं कार्ड’ न राहता ‘छेडछाड केलेलं कार्ड’ होतं, आणि या छंदात दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. शिवाय विकायचं नसेल तर ते नाव म्हणजे खोक्यातली सगळ्यात वेगळी गोष्ट आहे. तसंच, आपल्याकडे मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत दिसेल ते लॅमिनेट करायची सवय असते. तेही नको.

मी न्यू जर्सीत असतो आणि ही कार्डं जमवायला लागून चोवीस वर्षं झाली. लहानपणी सांगलीत काडेपेटीचे छाप आणि बबलगमबरोबरची क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवायचो, त्यामुळे इथे पहिल्यांदा जुनी कार्डं पाहिली तेव्हा बेसबॉलचे नियमही धड कळत नसताना हा रोग लागला. १९५७चा सेट मी पूर्ण केलाय, त्याला नऊ वर्षं लागली. त्यातल्या निदान तीन वर्षांचा उशीर माझ्याच चुकांमुळे झाला, त्या पुढे येतीलच.

तर मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतंय की १३९ कार्डं मिळवायची आहेत. पण त्या १३९ जागा एका जातीच्या नाहीत. तुम्ही पाठवलेली नंबरांची यादी मी कंपनीने ज्या पाच हप्त्यांत, म्हणजे मालिकांत, कार्डं बाजारात आणली त्यानुसार मांडून पाहिली. १ ते ८८मध्ये तुमची १४ नाहीत. ८९ ते १७६मध्ये २१, १७७ ते २६४मध्ये १९, शेवटच्या ३५३ ते ४०७मध्ये १४. आणि मधल्या २६५ ते ३५२ या ८८ कार्डांपैकी तब्बल ७१ नाहीत. म्हणजे अर्ध्याहून जास्त भगदाड एकाच ठिकाणी.

हा योगायोग नाही. त्या काळात टॉप्स सगळी कार्डं एकदम काढत नसे. वसंतात मोसम सुरू झाला की पहिली मालिका, मग उन्हाळाभर एकामागून एक. पोरं एक सेंटचं किंवा पाच सेंटचं पाकीट घ्यायची, गम तोंडात टाकायची आणि कार्डं सायकलच्या चाकात अडकवायची. दुकानदाराकडे आधीच्या मालिकेची पाकिटं पडून असली की तो नवी मागवायला का कू करायचा. सप्टेंबरात शाळा आणि फुटबॉल सुरू झालं की बेसबॉलच्या पाकिटांकडे कोण बघतो? म्हणून बहुतेक वर्षांत शेवटचे नंबर दुर्मिळ. १९५२च्या सेटचं प्रसिद्ध उदाहरण आहे: ३११ ते ४०७ ही शेवटची मालिका पडून राहिली, आणि तिची खोकीच्या खोकी १९६०च्या सुमारास कंपनीने बार्जमध्ये भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडवली. त्यात न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड होतं. त्याच कार्डाची एक उत्तम प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. आमच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो की बायको म्हणते, बघ बाहेर आलंय का एखादं.

१९५७ मात्र याला अपवाद. तिथे दुर्मिळ आहे ती शेवटची नव्हे, शेवटून दुसरी, म्हणजे चौथी मालिका. नवखा माणूस नेमका इथे फसतो: शेवटचे नंबर अवघड असणार म्हणून ३५३च्या पुढच्या कार्डांना जास्त पैसे मोजतो आणि २६५ ते ३५२ ‘नंतर बघू’ म्हणून सोडतो. तुमच्या आजोबांच्या खोक्यात त्या मालिकेची १७च आहेत, त्यावरून क्लीव्हलँडच्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानातही ती फार आली नसावीत असं दिसतं.

खर्चाचं उत्तर यावरच अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त तुम्हाला कोणती अवस्था चालेल यावर. तुमच्या फोटोंवरून सांगतो: कोपरे गोलसर, काहींना हलक्या घड्या, दोन-चार ठिकाणी रबरबँडने कडेला पाडलेल्या खाचा. ग्रेडिंगच्या १ ते १० (१० सर्वात उत्तम) या मोजपट्टीवर ही बहुतेक २ ते ४मध्ये बसतील. उरलेली कार्डंही त्याच दर्जाची घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ खणांच्या पानावर आठ थकलेली आणि मध्ये एक करकरीत असं दिसलं की डोळ्याला खुपतं. मग माणूस बाकीची आठ बदलायला निघतो आणि सेट कधीच पुरा होत नाही. माझी तीन वर्षं अशीच गेली. आधी ५ दर्जाची घेत होतो, मग ६ची चटक लागली, मग घेतलेलीच पुन्हा घेत बसलो.

३-४ दर्जात चौथ्या मालिकेबाहेरची साधी कार्डं मला गेल्या दोन वर्षांत दोन ते चार डॉलरला मिळाली आहेत, चौथ्या मालिकेतली त्याच्या दुप्पट किंवा थोडी वर. म्हणजे साध्या कार्डांचा हिशेब काही शे डॉलरांत बसतो. खरा खर्च नावाजलेल्यांचा. तुमच्या यादीत टेड विल्यम्स (१), फ्रँक रॉबिन्सन (३५), मँटल (९५) आणि मँटल आणि त्याचा यांकीजमधला साथीदार योगी बेरा या जोडीचं ४०७ नाही. शिवाय चौथ्या मालिकेतच सँडी कोफॅक्स (३०२), ब्रुक्स रॉबिन्सनचं पहिलं कार्ड (३२८) आणि जिम बनिंगचं पहिलं कार्ड (३३८) अडकलंय. मँटल एकटाच बाकीच्या सगळ्यांच्या बरोबरीने पैसे खातो: अगदी फाटक्या अवस्थेतही काही शे, मधल्या दर्जात हजाराच्या आसपास. भाव सतत हलतात, म्हणून विक्रेता काय मागतोय ते पाहू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या व्यवहारांची यादी ईबेवर वेगळी पाहता येते, ती पाहा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

क्रम कसा ठेवायचा? बहुतेक जण स्वस्त कार्डांपासून सुरुवात करतात, कारण दर आठवड्याला चार खण भरलेले दिसले की बरं वाटतं. मीही तेच केलं. २०१९ साली माझी सहाच कार्डं उरली होती, त्यात मँटल. दिवाळीनंतर घेऊ म्हटलं, मग टॅक्सचा रिफंड आल्यावर घेऊ म्हटलं. तेवढ्यात २०२० उजाडलं, सगळे घरात बसले, माळ्यावरची खोकी खाली आली आणि कार्डांचे भाव असे चढले की मला त्या एका कार्डासाठी जवळजवळ दुप्पट मोजावे लागले. नंतर भाव बरेच उतरलेही, पण मी घेऊन बसलो होतो. तेव्हापासून मी उलटं करतो: जे एक-दोन कार्डांमुळे सेट अडणार आहे ते आधी. मँटल परवडणार की नाही हे पहिल्या सहा महिन्यांत ठरवा. नसेल परवडणार तर ‘मँटल सोडून सेट’ हेही एक मानाचं ध्येय आहे. किती तरी मोठे संग्राहक तसं उघड सांगतात आणि सुखात असतात.

दुसरी पायरी चौथ्या मालिकेतल्या त्या ७१ कार्डांची. ती एकेक करून मागवू नका. प्रत्येक पाकिटाला टपालखर्च चार-पाच डॉलर धरला तर कार्डापेक्षा पाकीट महाग. त्याऐवजी २६५ ते ३५२मधल्या तीस-चाळीस कार्डांचा लॉट (एकत्र विकायला काढलेला गठ्ठा) शोधा. त्यातली दहा-बारा तुमच्याकडे आधीच असतील. असू देत, ती डबल म्हणजे तुमचं चलन. ही मालिका सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे तिच्या एका डबलला दुसऱ्या मालिकेची दोन कार्डं सहज मिळतात. कधी कधी कोणाचा तरी अर्धवट राहिलेला दीडशे-दोनशे कार्डांचा सेट एकरकमी विकायला येतो. त्यात पडणाऱ्या डबलांचा हिशेब नीट केला तर तो सगळ्यात स्वस्त मार्ग असतो, पण नंतरची विक्री करायची चिकाटी हवी.

उरलेली साधी कार्डं मात्र कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या शोमध्ये प्रत्यक्ष जाऊन घ्या. ओहायोत शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये छोटे शो होत असतात, आणि सगळ्यात मोठं ‘नॅशनल’ हे वार्षिक संमेलन १९८०पासून भरतंय. ते बऱ्याचदा शिकागोजवळच्या रोझमाँटला असतं, तुम्हाला गाडीने पाच-सहा तास. नंबरांची यादी कागदावर छापून न्या. फोनवर चाळत बसलात तर टेबलामागचा माणूस कंटाळतो. सुट्या नोटा न्या. एका टेबलावर वीस कार्डं बाजूला काढा आणि मगच एकत्र भाव विचारा. मंडईत एक जुडी घेणाऱ्याला आणि पाच घेणाऱ्याला एकच भाव नसतो, तसंच. रविवारी दुपारी तीननंतर गेलात तर आणखी बरं, कारण जड खोकी पुन्हा गाडीत भरायची डीलरला हौस नसते.

आता ग्रेडिंग. ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घातलेलं. डबीला स्लॅब म्हणतात. साध्या कार्डांसाठी हा प्रकार करू नका. तीन डॉलरच्या कार्डाला वीस-पंचवीस डॉलर तपासणी द्यायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण मँटल, कोफॅक्स, विल्यम्स आणि दोन्ही रॉबिन्सन ग्रेड केलेलेच घ्या, तेही दर्जासाठी नाही, खरेपणासाठी.

कारण सांगतो. माझं पहिलं कोफॅक्स मी एका शोमध्ये सुटं घेतलं होतं. कोपरे इतके टोकदार की हात लावायला भीती वाटावी, चारी बाजूंची पांढरी चौकट बरोबर सारखी. घरी आल्यावर त्याच मालिकेच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि वरून बोट फिरवलं, तर मध्ये खड्डा. बाकीच्यांपेक्षा ते नखभर बुटकं होतं. कोणीतरी झिजलेली कड पात्याने कापून काढली होती. टेबलवाल्याचा पत्ता मी घेतला नव्हता. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तेव्हापासून शोमध्ये खिशात त्याच वर्षाचं एक साधं, नक्की खरं कार्ड ठेवतो. १९५७ हे टॉप्सने अडीच बाय साडेतीन इंच हा आकार घेतल्याचं पहिलं वर्ष. आधीची १९५२ ते ५६ची कार्डं थोडी मोठी होती. संशय आला की दोन्ही पाठीला पाठ लावून बघायची. कारखान्यातल्या कापणीतही किंचित फरक असायचा, त्यामुळे केसभर लहान म्हणजे कापलेलंच असं लगेच म्हणू नका. पण लहान आणि त्यात एकच कड नवी पांढरीशुभ्र, बाकीच्या तीन मळक्या, असं दिसलं तर हात जोडून पुढच्या टेबलाकडे निघा. दहापट भिंग जवळ असू द्या. मूळ छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी असते, पण खेळाडूचं नाव आणि काळ्या रेघा सलग छापलेल्या असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची होतात. कोपऱ्यावर शाईच्या पेनाने भरलेला रंगही भिंगाखाली वेगळा चमकतो.

ग्रेडिंग कंपनीचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य मात्र नव्हे. पीएसए ही कंपनी १९९१ साली सुरू झाली आणि तिने तपासलेलं पहिलंच कार्ड होतं होनस वॅग्नरचं, टी२०६ या १९०९ ते ११च्या तंबाखू-कार्डांच्या मालिकेतलं, जगातलं सगळ्यात गाजलेलं. त्याला ८ दर्जा मिळाला. त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या हे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३मध्ये कबूल केलं. तरीही पाचशे-हजार डॉलर देताना माझ्या डोळ्यांपेक्षा रोज शेकडो कार्डं बघणाऱ्याच्या डोळ्यांवर मी जास्त विसंबतो.

या सेटची काही खास वैशिष्ट्यं आहेत, ती माहीत असली की पैसे वाचतात. हँक एरनचं २० नंबरचं कार्ड नीट बघा: निगेटिव्ह उलटी छापली गेल्याने उजखोरा एरन डावखोरा दिसतो, शर्टावरचा ४४ही उलटा. कोणी ‘दुर्मिळ चूक’ म्हणून जास्त पैसे मागितले तर हसा, कारण टॉप्सने ती चूक सुधारलीच नाही, सगळी कार्डं तशीच आहेत. जीन बेकरच्या १७६ नंबरच्या कार्डाची गोष्ट वेगळी: काही प्रतींच्या मागे त्याचं नाव ‘बेकप’ असं छापलं गेलंय. ती खरोखर दुर्मिळ आणि महाग, पण सेट पूर्ण व्हायला तिची गरज नाही. साधं बेकर पुरे. नंबर नसलेल्या चार चेकलिस्ट (सेटमधल्या कार्डांची यादी छापलेली कार्डं) याच वर्षात आहेत, त्याही ४०७च्या बाहेरच्या. पोरांनी पेन्सिलीने खुणा करून त्या वापरून टाकल्या, म्हणून कोऱ्या चेकलिस्टचे भाव डोळे पांढरे करतात. घ्यायचीच असेल तर खुणा केलेली घ्या, तिचं कामच ते होतं. गडद फोटोंवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका, तो त्या वर्षीच्या छपाईचा दोषच म्हणा. आणि १ व ४०७ या दोन्ही टोकांच्या कार्डांकडून फार अपेक्षा नको. गठ्ठ्याला रबरबँड लावला की वरचं आणि खालचं कार्डच मार खातं, म्हणून विल्यम्स चांगल्या अवस्थेत इतर कार्डांच्या मानाने कमी मिळतो.

ठेवण्याबद्दल दोनच ओळी. पीव्हीसी नसलेली नऊ खणांची पानं घ्या. जुन्या वासाच्या, चिकट प्लॅस्टिकच्या अल्बममधून कार्डं आजच बाहेर काढा. बेसमेंटमध्ये ठेवू नका, क्लीव्हलँडला तर नाहीच.

राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न: आजोबांची फार खराब झालेली कार्डं बदलावीत का? फोटोत रॉकी कोलाव्हिटोचं २१२ नंबरचं कार्ड दिसतंय, मधोमध घडी, एक कोपरा गायब. ते त्याचं पहिलं कार्ड, आणि कोलाव्हिटो म्हणजे क्लीव्हलँडच्या पोरांचा जीव. १९६०मध्ये क्लबने त्याला डेट्रॉईटला देऊन टाकलं त्याबद्दल तिथले म्हातारे अजूनही तावातावाने बोलतात. ते कार्ड इतकं झिजलंय कारण ते खिशातून फिरलं असणार. क्लीव्हलँडच्याच हर्ब स्कोअरचं ५० नंबरचंही तसंच. त्याच १९५७च्या मे महिन्यात गिल मॅकडूगल्डने टोलवलेला चेंडू थेट त्याच्या डोळ्यावर बसला, आणि त्यानंतर तो गोलंदाज पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. विकायचं असेल तर ही दोन्ही बदला. ठेवायचं असेल तर मी बदलणार नाही. आणि आजोबांना भेटायला जाल तेव्हा ती दोन्ही घेऊन जा, मँटल नको. यांकीजवाल्याचं कार्ड पाहून क्लीव्हलँडचा माणूस खूश होईलच असं नाही.

बाकी, माझ्याकडे चौथ्या मालिकेतली १९ डबल पडून आहेत, सगळी ३ दर्जाच्या आसपासची. तुमच्या यादीतल्या अकरा जागा त्यातून भरतात. खोक्यात पहिल्या मालिकेची डबल किती आहेत ते मोजून कळवा. दोनास एक असा हिशेब करू. टपालखर्च ज्याचा त्याने करायचा.